मुंग्यांआडचे दूरदर्शन

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 पासूनच चालू होते. मुंबईला त्यानंतर तेरा वर्षे वाट पाहावी लागली. महाराष्ट्राच्या आठवणीत 1972 हे साल दुष्काळाचे. राज्यातले लाखो हात खडी फोडत होते, त्याच सुमारास शहरातल्या मोजक्या दिवाणखान्यांत ही पेटी येऊन बसली. शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या गावांत ती पोहोचायला आणखी काही वर्षे गेली, आणि आली तेव्हाही धड आली नाही. पडद्यावर अर्धे चित्र असे, अर्ध्या मुंग्या, म्हणजे वळवळणारे काळे-पांढरे ठिपके.

या मुंग्यांमागे साधा हिशेब होता. मुंबई केंद्राचा वरळीचा प्रक्षेपण मनोरा 300 मीटर उंच. टीव्हीच्या लहरी रेडिओच्या मध्यम लहरींसारख्या जमिनीला बिलगून जात नाहीत, नजरेसारख्या जवळपास सरळ जातात. पृथ्वी गोल असल्याने एवढ्या उंचीवरून निघालेली लहर साधारण 70 किलोमीटरनंतर जमीन सोडून वरून निघून जाते. भातसा नदीकाठचे सापगाव वरळीपासून सरळ रेषेत जवळपास तेवढ्याच अंतरावर, म्हणजे बरोबर काठावर. दहा मीटर उंचीवर अँटेना चढवली की आणखी दहा-बारा किलोमीटरची मजल पदरात पडते. कल्याण-डोंबिवलीत गच्चीवरच्या पाइपावर भागत होते, पण शहापूरपुढे बांबूला बांबू जोडावा लागे आणि वर बूस्टर बसवावा लागे, तो यामुळेच. डोंगराच्या आडोशाला असलेल्या पाड्यांचे तर नशीबच खोटे. तिथे बांबू कितीही वाढवला तरी आवाज यायचा आणि चित्र राहायचे, नाहीतर उलट.

मुंबईला शहापूर तालुक्यातून पाणी 1892 पासून जात आहे. तानसा त्या साली झाले, पुढे वैतरणा आणि भातसा. ऐंशी-नव्वद वर्षांनी मुंबईकडून उलट दिशेला काही आले असेल, तर ते हे मुंग्यांचे चित्र.

अँटेना जुळवणे हे किमान तिघांचे काम होते. एक कौलांवर किंवा बांबूच्या बुडाशी, एक अंगणात आणि एक टीव्हीसमोर. वरचा बांबू पिळायचा, अंगणातला निरोप पोहोचवायचा.

"आलं का रे?"

"नाय! मुंग्या!"

"आता?"

"आलं, आलं, थांबव… गेलं!"

तोंड नैर्ऋत्येकडे, वरळीच्या रोखाने हवे, हे एकदा कळले की कुणीतरी बांबूवर चुन्याची खूण करून ठेवी. पहिल्या वादळी पावसात खूण राही आणि बांबू फिरे. मधल्या नळीवर कावळा बसला तरी चित्र हले. वीज नसलेल्या वाडीत चौदा इंची कृष्णधवल संच ट्रकच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चाले. बॅटरी उतरू लागली की चित्र चारी बाजूंनी आत ओढले जाई, आणि सिनेमाचा शेवट पाहायला मिळणार की नाही याचा अंदाज त्यावरून बांधला जाई. संच लाकडी कपाटासारख्या खोक्यात, सरकत्या दारांचा, दाराला कुलूप. क्राऊन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, ईसी अशी त्यांची नावे. रंगीत टीव्ही न परवडणारा काचेवर तीन रंगांचा प्लास्टिकचा पडदा लावी: वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आकाश आणि गवत असलेले दृश्य आले तर तो खरा वाटे. निवेदिका आली की तिचे कपाळ निळे आणि साडी हिरवी.

या पडद्यावर जे दिसे ते आज विचित्र वाटते, आणि ते विचित्र का होते हे समजून घेण्यासारखे आहे. वाहिनी एकच. तिला मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषांच्या प्रेक्षकांना काही ना काही द्यायचे होते. मुलांचाच कार्यक्रम घ्या: मराठीत 'किलबिल', गुजरातीत 'संताकुकडी', हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. घराघरात गुजराती बोलणारे मुंबईत पुष्कळ होते, सापगावच्या बाजूला कुणी दुकानदार असला तर असला. तरीही गुजराती 'आवो मारी साथे' इथल्या पडव्यांतून मन लावून पाहिले जाई, कारण ते संपल्यावर काय लागेल याची खात्री नसे आणि एकदा जमलेली अँटेना बंद करणे कुणाच्या जिवावर येई. साबिरा मर्चंट यांच्या 'व्हॉट्स द गुड वर्ड' या इंग्रजी शब्दखेळाचेही तेच. त्यातला शब्द न कळणारे लोक तो शेवटपर्यंत पाहत. निवडायला दुसरे काही नसल्यामुळे जो प्रेक्षक तयार झाला, तसा सर्वभक्षी प्रेक्षक मराठी मुलखात ना त्याआधी होता ना नंतर झाला.

शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' होता, कामगारांसाठी 'कामगार विश्व'. पहिल्याकडे शहरात संच तापायला लावून चहा टाकण्याची वेळ म्हणून पाहिले जाई. भातशेतीच्या या पट्ट्यात तो चहा हातात घेऊन पाहिला जाई, आणि पडद्यावर द्राक्षबाग दिसली की "हे नाशकाकडलं" म्हणून पुढच्या आठवड्याची वाट पाहिली जाई. आकाशानंद यांचा 'ज्ञानदीप' याहून पुढे गेला. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळे काढली, पत्रे पाठवली. शिक्षणाच्या नावाने सुरू झालेला कार्यक्रम लोकांनी असा आपलासा करणे दूरदर्शनच्या इतिहासात फारसे घडलेले नाही.

करमणुकीत पहिला मान 'चिमणराव'ला द्यायला हवा. चिं. वि. जोशी यांचे बडोद्याच्या संस्थानी दफ्तरातले, पाली भाषेतल्या व्यासंगातले आयुष्य 1963 मध्ये संपले. त्यांचे मानसपुत्र चिमणराव आणि गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वरळीच्या स्टुडिओत नव्याने जन्मले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ही जोडी इतकी बसली की 1979 मध्ये 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही निघाला. मालिकेचे घर म्हणजे दोन भिंती, एक दार आणि ढकलले तर हलेल अशी खिडकी. चिमणरावाच्या फजितीला त्या खिडकीचीही साथ असे. मोठा खर्च करून उभारलेल्या चकचकीत वाड्यात ही मालिका निम्मी तरी रंगली असती का, शंकाच आहे.

'गजरा' हा विनायक चासकरांचा छोट्या विनोदी प्रवेशांचा कार्यक्रम म्हणजे नाट्यवेड्या मुंबईचा थेट पडद्यावर उतरलेला तुकडा. रंगभूमीवरची मंडळी दिवसा स्टुडिओत, रात्री नाट्यगृहात. बातम्या देणाऱ्यांतही नाटक-सिनेमातली माणसे होती. भक्ती बर्वे तिथे होत्या. स्मिता पाटील यांनी मराठी बातम्या वाचल्या, आणि जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यापुढे बसत, ही आख्यायिका अजून सांगितली जाते. मेजाखालचे दिसत नसल्याने खेड्यातल्या प्रेक्षकाला तिचा पत्ता नव्हता. त्याला प्रदीप भिडे यांचा आवाज आणि अनंत भावे यांची दाढी ओळखीची होती, तेवढे पुरे होते. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' 1972 ते 1993, म्हणजे एकवीस वर्षे चालला. त्यात सिनेमातली माणसे घरच्यासारखी बसून गप्पा मारत. त्यांना जाहिरात करायची घाई आहे असे कधी वाटले नाही. आज या गोष्टीचे नवल जास्त वाटते.

'छायागीत' म्हणजे अर्ध्या तासात पाच-सहा गाणी. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. सिनेमा मध्येच थांबवून बातम्या. 'साप्ताहिकी'त पुढच्या आठवड्याचा सिनेमा कळे. तो वहीत टिपून ठेवणारा पोरगा गावात महत्त्वाचा असे. काही घरांत सिनेमाला चार आणे घेत. सिनेमाच्या ऐन मोक्यावर 'व्यत्यय'ची पाटी आली तर पैसे परत मागायचे की नाही, यावर वाद होत.

15 ऑगस्ट 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग दोन्ही आले. 7 जुलै 1984 ला 'हम लोग' सुरू झाली आणि मालिका हा शब्द रोजच्या बोलण्यात गेला. 'करमचंद'मधला गाजर खाणारा गुप्तहेर, 'विक्रम और बेताल'मधला पांढऱ्या केसांचा बेताल, एकही धड वाक्य न बोलता हसवणारा जर्मन 'डिडीज कॉमेडी शो', जपानची 'ओशिन' अशी भेळ त्या काळात एकाच पानावर वाढली जाई. मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलिसी मालिका होती. नाव पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकाचे, दिग्दर्शक बी. पी. सिंग, कलाकारांत शिवाजी साटम. हेच दोघे 1998 मध्ये 'सीआयडी' घेऊन आले, तेव्हा जुन्या मराठी प्रेक्षकाला साटमांनी नवे काही केले असे वाटलेच नाही. रमेश भाटकरांचा 'हॅलो इन्स्पेक्टर' आणि ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरून राजदत्त यांनी केलेली 'गोट्या' याच काळाच्या शेवटाकडच्या.

'रामायण' 25 जानेवारी 1987 ला सुरू झाली आणि 31 जुलै 1988 पर्यंत चालली. तिचे चित्रीकरण उंबरगावला झाले, म्हणजे पालघर वेगळा होण्याआधीच्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीला लागून. गुजरातची वेस ओलांडली की अयोध्या. रविवारी सकाळी संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे हे प्रकार देशभर झाले, तसे या भागातही. चपला बाहेर काढून लोक टीव्हीसमोर बसत. पाठोपाठ 2 ऑक्टोबर 1988 पासून 'महाभारत' आले, 94 भागांचे. त्यातला कृष्ण नितीश भारद्वाज, शिक्षणाने पशुवैद्य. गाई राखणाऱ्या देवाचे काम गुरांच्या डॉक्टरकडे गेले, हा योग गुरे असलेल्या घरांत विशेष आवडला असता, पण तेव्हा ते फारशा कुणाला ठाऊक नव्हते.

नव्वदच्या दशकात 'सुरभि'ने टपाल खात्याला घाम फोडला. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे दर आठवड्याला प्रश्न विचारत आणि उत्तरे 15 पैशांच्या पोस्टकार्डावर जात. पोती भरून येणारी कार्डे वाहण्याचा खर्च तिकिटापेक्षा जास्त होऊ लागला, तेव्हा खात्याने दोन रुपयांचे वेगळे 'स्पर्धा पोस्टकार्ड' काढले. 1993 मध्ये 'जंगल बुक' आली. चित्रे जपानची, शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजचे, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. तानसा अभयारण्याच्या कडेच्या मुलांना बिबट्याचे अप्रूप नव्हते, पण मुरूडच्या माणसाच्या आवाजात दम देणारा वाघ त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

मग केबल आली. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झाली. छत्रीएवढ्या तबकड्या कौलांवर बसल्या तशी वरळीची सरळ रेषा निरुपयोगी झाली, कारण उपग्रहाला सापगाव आणि शिवाजी पार्क सारखेच. मुंग्या गेल्या. दूरदर्शनने आपली जमिनीवरची जुनी प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने थांबवली आणि 2022 पर्यंत देशातली जवळजवळ सगळी बंद झाली. अल्युमिनियमच्या नळ्या भंगारात किलोने गेल्या; उरलेल्या बांबूंवर कारल्याचे वेल चढले.

'रामायण' 28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत पुन्हा दाखवता आली, कारण ती जपलेली होती. सुरुवातीच्या वर्षांतल्या मुंबईच्या कार्यक्रमांचे तसे नाही. पुष्कळसे थेट प्रक्षेपित झाले, आणि जे टेपवर उतरले त्यातले बरेच पुसले गेले. टेप परदेशी आणि महाग, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घेणे हीच रीत होती. ही केवळ आपल्याकडची हलगर्जी असे म्हणण्याचे कारण नाही. श्रीमंत बीबीसीनेही हेच केले. त्यांच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे 1960 च्या दशकातले कित्येक भाग असेच नाहीसे झाले, आणि त्यांचा आवाज तेवढा उरला तो काही पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर टीव्हीसमोर माइक धरून भरून ठेवला होता म्हणून.

महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात घरोघर टेपरेकॉर्डर आले होते, आणि व्हीसीआरही काही थोड्या घरांत. शहापूर-मुरबाडकडे लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे तर व्हीएचएसच्या चळती असत. कुठल्याशा लग्नाच्या शेवटी, उरलेल्या दहा मिनिटांत, 'गजरा'तला एखादा प्रवेश भरलेला असू शकतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत या टेपांना बुरशी धरते आणि वरचा थर सुटू लागतो; एकदा सुटला की परत येत नाही. माळ्यावर अशी टेप असेल तर ती घरातल्या जुन्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा, बुरशी यंत्रालाही लागते. आधी साफ करून देणाऱ्याकडे न्यावी, उतरवून घ्यावी, आणि लग्न संपल्यावरही टेप बंद न करता शेवटपर्यंत चालू द्यावी.