गोळा एक, मार्ग एक

मुलांनो, लोहमार्ग एकेरी असेल, तर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत? मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारा लोहमार्ग मूळचा एकेरीच. लातूरला १९११ साली पोचलेला बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद मार्गही तसाच.

भारतातील पुष्कळ एकेरी मार्गांवर यासाठी एक खात्रीची युक्ती योजिली गेली. लगतच्या दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे असत. त्यांत धातूचे गोळे ठेवीत. गाडी सोडावयाची झाली म्हणजे स्टेशनमास्तर घंटेच्या खुणेने पुढील स्थानकाची संमती मागे. ती मिळाली की यंत्रातून एक गोळा निघे व तो चालकाच्या स्वाधीन केला जाई. गोळा हाती आल्यावाचून गाडी हाकावयाची नाही, असा सक्त नियम होता. तो गोळा पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा निघत नसे.

हाच प्रश्न संगणकातही उद्भवतो. नांदेड–पनवेल गाडी लातूरवरून जाते. समजा, तीत एकच जागा उरली आहे आणि दोन्ही गावांहून एकाच क्षणी मागणीचे निरोप निघाले. निरोप धाडून संगणक स्वस्थ बसत नाही. उत्तर येईपर्यंत तो दुसरी कामे करतो. अशी कामे अनेक प्रवाहांनी एकदम चालतात. त्या प्रवाहांना ‘धागे’ म्हणतात. एका धाग्याने नोंद पाहिली : जागा एक. त्याने ती बदलण्यापूर्वीच दुसऱ्यानेही पाहिली : जागा एक. दोघांनीही तिकीट दिले आणि एका जागेचे दोन धनी झाले! वेगवेगळे पाहिले, तर दोघांचेही काम बरोबरच होते.

म्हणून संगणकातही गोळ्यासारखी एक खूण ठेवतात. तिला ‘कुलूप’ म्हणतात. ज्या धाग्याकडे कुलूप असेल, त्यानेच नोंद पाहावी, बदलावी आणि मग कुलूप परत करावे. तोवर इतरांनी थांबावे. एकानेही हा नियम मोडला, तर इतरांनी पाळलेला नियम व्यर्थ जातो. शिवाय कुलूप हाती धरून दूरच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. चालक गोळा खिशात घालून चहाला गेला, तर सारा मार्ग अडून राहील!

गोळ्यासाठी थांबलेल्या गाडीला थोडा उशीर होई. पण तिच्यातील शेकडो माणसे सुखरूप घरी पोचत.

स्वाध्याय
१. एका जागेची दोन तिकिटे कशी दिली गेली?
२. गोळा व कुलूप यांतील साम्य सांगा.