दूध पुरत नाही, हे ठरवायचे कोणी?

बाळंतिणीच्या खोलीत सल्ल्यांना तोटा नसतो. पहिला पिवळसर चीक पिळून टाका, मध चाटवा, बाळ रडते म्हणजे दूध अपुरे. मग घरात पावडरचा डबा येतो. आजीचा मान राखावा, मालीश तिच्याच हातची असावी. मध मात्र वर्षभर नको आणि चीक वाया घालवू नये.

रडण्यावरून दुधाचे माप निघत नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सल्लागाराची पारखही येथेच होते. आईशेजारी बसून बाळ स्तन कसे धरते हे तो पाहतो, की थेट डब्याचे नाव सुचवतो? काही बाळांना डबा लागतोही. पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांचा. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने दूधपावडर व बाटलीची जाहिरात आणि मातांना मोफत नमुने देणे निषिद्ध आहे.

शंका आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे किंवा अंगणवाडीत वजन करून घ्यावे. बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा.