चंदी, लीद आणि गोचीड

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात घोडा पाळणे म्हणजे चिखलाच्या मुलखात कोरड्या माळाचे जनावर सांभाळणे. तंजावर, तिरुवैयारू, ओरत्तनाडू या पट्ट्यात नजर पोहोचेल तिथवर भातखाचरे आहेत. शेतीच्या कामाला बैल, त्यातही इथल्याच मातीतले उंबळाच्चेरी जातीचे. घोडे थोड्या घरांत आढळतात, कुठे गाडीशर्यतीसाठी, कुठे निव्वळ हौसेखातर. पागा म्हणजे बहुधा गोठ्याचीच एक बाजू, आणि राखणीचे कुत्रेही तिथेच झोपते. त्यामुळे कुत्रे आजारी पडले की दुखणे एकाचे असले तरी दिनक्रम सगळ्यांचा बदलतो.

दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. आधी पाणी, मग वैरण, मग चंदी. घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. बादली अर्धी राहिली तर ती दुखण्याची पहिली खूण. चंदीला इथे कोळ्ळु, म्हणजे आपले हुलगे. रात्री भिजवून सकाळी शिजवतात, निववतात आणि तोबऱ्यात भरतात. तोबरा तोंडाला लागला की घोडा मान खाली घालून एका लयीत चावतो. जाणता माणूस त्या वेळी घोड्याकडे न बघता फक्त आवाज ऐकतो. चावणे थांबत थांबत होऊ लागले, घास तोंडातून गळू लागला, तर दाढेला टोक आले आहे किंवा पोट बिघडते आहे.

वैरणीचा प्रश्न या भागात खरा अवघड आहे. पेंढा मुबलक आणि तांदळाचा कोंडा गिरणीतून सहज मिळणारा, म्हणून घोड्यापुढे हेच दोन पडतात. कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. महिनोन् महिने तोच मुख्य आहार राहिला तर शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते, जबड्याची हाडे पोकळ होऊन फुगतात आणि घोडा लंगडू लागतो. नेपिअर गवतात ऑक्झलेट असल्याने तेही एकट्याने भागत नाही. उपाय मात्र याच खाचरांत उगवतो. सांबा हंगामाचे भात कापायच्या आठ-दहा दिवस आधी उभ्या पिकात उडीद आणि मूग फेकतात. ओलीवर ते रुजतात आणि कापणीनंतर शेत हिरवे होते. शेंगा झोडल्यावर उरणारा पाला आणि काड यांत पेंढ्यापेक्षा कॅल्शियम बरेच जास्त असते. तो भुसा वाळवून घोड्यासाठी राखून ठेवणारे घर शहाणे म्हणायचे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. पागेची जमीन वाळत नाही आणि लिदीत-मुतात उभे राहून खूर मऊ पडतात. रोज संध्याकाळी पाय उचलून, आकड्याने तळवा खरवडून पाहावा लागतो. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागातून काळपट, कुजका वास येणारा स्राव निघाला की सड लागली. ती साफ करून औषध लावता येते, पण पायाखाली कोरडी जागा नसेल तर औषध फुकट जाते. जोत्यावर चार बोटे भाताचे तूस पसरणे आणि भिजलेले रोज काढून टाकणे हीच निम्मी शुश्रूषा.

कुत्र्याचे दुखणे उशिरा कळते. ते ओरडत नाही. फक्त घोड्यांबरोबर बांधापर्यंत जाणे सोडते आणि पागेच्या कोपऱ्यात ओल्या मातीवर पोट टेकून पडते. अंग गरम लागते, पण हाताच्या अंदाजावर जाऊ नये, कारण कुत्र्याचे निरोगी तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असते. वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग भरतो. फिकी, पांढरट हिरडी किंवा नाकातून रक्त हे गोचीड-तापाचे लक्षण असू शकते. एहर्लिशिया हा जंतू गोचीड चावल्याने रक्तात शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी होतात. निदानासाठी रक्त तपासावेच लागते.

औषध डॉक्सिसायक्लिन, सहसा 28 दिवस. इथे घरच्या ताटाची अडचण येते. तंजावरकडच्या घरात कुत्र्याला दहीभात मिळतो, आणि दुधा-दह्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध कमी शोषले जाते. म्हणून गोळी उकडलेल्या अंड्यात किंवा माशाच्या तुकड्यात दडवतात, दहीभात काही तासांनी. आठवड्यात कुत्रे उठून फिरू लागते आणि गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

घोडा आणि कुत्रा एका छपराखाली असताना सर्वांत मोठा धोका एकमेकांच्या औषधांचा. गोचिडांवर कुत्र्याला लावायचे अमित्राझ घोड्याच्या अंगाला कधीही लावू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटातले कोंडलेले बाहेर पडायला वाट नसते. तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे पाहतो, घाम फुटतो. जबड्याखालची नाडी मिनिटाला 28 ते 44 असायची ती साठच्या वर गेली तर पशुवैद्याला बोलावण्यात घटकाही दवडू नये. उलट बाजूने, घोड्याला जंतांसाठी दिलेले आयव्हरमेक्टिन कुत्र्याला घातक ठरू शकते. घोड्याच्या ओठांवरून ओघळलेला लगदा कुत्र्याने चाटला, किंवा औषधानंतरची ताजी लीद खाल्ली, तरी ते झोकांड्या खाते, बाहुल्या विस्फारतात, काही काळ दिसेनासेही होते. कुत्रे लीद आवडीने खातात. म्हणून जंतांचे औषध दिल्यावर काही दिवस कुत्रे पागेबाहेर बांधतात आणि लीद पडल्या पडल्या उचलतात. दोन्ही औषधांच्या बाटल्या एकाच कोनाड्यात ठेवणे हा निष्काळजीपणा एका जनावराच्या जिवावर बेतू शकतो.

जनावरांच्या वैद्यकाची इथली परंपरा जुनी आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचेही काम चाले, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावर असलेले सचित्र अश्वशास्त्र आजही आहे. सरफोजींनीच छत्र, म्हणजे धर्मशाळा, बांधलेल्या ओरत्तनाडूत 2012 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. खेड्यांच्या वेशीवर अय्यनार या ग्रामरक्षक देवाच्या देवळापुढे मातीचे घोडे रांगेने उभे असतात, नवसाने वाहिलेले. काही ठिकाणी त्यांच्या पायाशी मातीचे कुत्रेही असते.

शेवटचे काम भिंतीचे. तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून गळून पडते आणि विटांच्या फटीत, वाशांच्या खाचेत हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला कितीही धुतले तरी ती तिथेच राहतात. म्हणून घोडे बाहेर काढून पागा रिकामी करतात, फटी चुन्याने बुजवतात, जुने तूस जाळतात आणि कुत्र्याचे गोणपाट उकळत्या पाण्यात घालतात. त्यानंतर रोज संध्याकाळी, घोड्यांचा खरारा झाला की तोच माणूस कुत्र्याच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बोटे फिरवून पाहतो. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि रॉकेलच्या डबीत टाकायची. नखाने चिरडायची नाही.