थ्रॉटल स्थितिसंवेदक व त्याचे अंशशोधन

थ्रॉटल स्थितिसंवेदक : मोटारसायकलीच्या एंजिनात हवा आत नेणाऱ्या नळीतील थ्रॉटल झडप किती अंशांतून उघडली आहे, हे विद्युत् दाबाच्या रूपाने इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाला कळविणारे साधन. कार्ब्युरेटरऐवजी इंधन-अंतःक्षेपणाची (दाबाखालील इंधन फवाऱ्याच्या रूपाने सोडण्याची) पद्धत वापरणाऱ्या एंजिनांत तो असतो. याचा शून्यबिंदू सरकल्यास एंजिनाचे इतर सर्व भाग निर्दोष असूनही ते अडखळत चालते. हा शून्यबिंदू पुन्हा योग्य जागी आणणे म्हणजे संवेदकाचे अंशशोधन होय.

संवेदकाची रचना साधी असते. झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारा एक स्पर्शक रोधक द्रव्याच्या चापाकार पट्टीवरून सरकतो. पट्टीच्या दोन टोकांना नियंत्रकाकडून सामान्यतः ५ व्होल्ट दाब दिलेला असतो. स्पर्शक जेथे असेल तेथील दाब तिसऱ्या तारेतून नियंत्रकाकडे परत जातो. झडप मिटलेली असता हा दाब अगदी कमी असतो व ती उघडत जाईल तसा वाढतो.

ज्या पद्धतींत हवेचे प्रत्यक्ष मापन होत नाही, त्यांत या दाबाला विशेष महत्त्व येते. तेथे नियंत्रक झडपेचा कोन व एंजिनाची गती या दोन राशींवरून हवेचा अंदाज घेतो, स्मृतीतील कोष्टक पाहतो व त्यानुसार इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ ठरवितो. झडप प्रत्यक्षात कोठे आहे हे जाणण्याचा दुसरा मार्ग त्याला नसतो. संवेदक सांगेल ते तो खरे मानतो.

चूक लहान असली, तरी तिचा परिणाम झडप जवळजवळ मिटलेली असताना फार मोठा होतो. समजा, ९० अंशांच्या फिरण्यात दाब ४.५ व्होल्टने एकसारखा वाढतो; म्हणजे एका अंशास ५० मिलिव्होल्ट. संवेदक १०० मिलिव्होल्टने सरकला, तर नियंत्रकाची समजूत २ अंशांनी चुकते. झडप ६० अंश उघडी असताना हे लक्षातही येणार नाही. परंतु ती २ अंश उघडी असताना नियंत्रक ४ अंश धरून चालतो. नळीस काटकोनात मिटणाऱ्या आदर्श तबकडीच्या बाबतीत लहान कोनांसाठी वाट कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात मोकळी होते, म्हणजे कोन दुप्पट झाल्यास वाट सु. चौपट होते. प्रत्यक्षातील तबकडी किंचित तिरपी मिटते व कडेने थोडी हवा जातच असते, त्यामुळे फरक इतका तीव्र नसतो. तथापि दोष मंद गतीत व शहरातील रहदारीतच का जाणवतो, हे यावरून कळते.

संवेदक प्रत्यक्षापेक्षा जास्त कोन दाखवीत असल्यास इंधन जास्त पडते : ठिणगी-गुडदी काजळते, इंधनाचा खप वाढतो व एंजिन जड चालते. कमी दाखवीत असल्यास मिश्रण विरल होते. मग स्थिर वेगाने जाताना गाडी आपोआप मागेपुढे ओढल्यासारखी चालते, मूठ सोडताच निष्कास नळीत फटफट आवाज होतात, एंजिन तापते आणि चौकात थांबताना बंद पडते. वळणावर किंवा रहदारीत असे बंद पडणे चालकाला धोक्याचे असते.

हीच लक्षणे इतर कारणांनीही उद्‌भवतात आणि अंशशोधनाला हात घालण्यापूर्वी ती कारणे तपासणे इष्ट असते. आदान नळीचे तडकलेले रबर, चुकीचे झडप-अंतर, तुंबलेली हवागाळणी, उतरलेली विद्युत् घटमाला यांपैकी काही असताना संवेदक फिरविल्यास एका चुकीवर दुसरी चूक चढते. संवेदकाला मिळणारा ५ व्होल्ट दाब व भूतारेची जोडणीही पहावी; भूतार गंजली असल्यास दर्शक उगाचच जास्त दाब दाखवितो. त्यानंतर झडप अगदी सावकाश उघडून दाब एकसारखा चढतो की नाही ते पहावे. यासाठी काट्याचा दर्शक अंकीय दर्शकापेक्षा सोयीचा, कारण क्षणिक गचका काट्यावर दिसतो. पट्टी बहुधा नेहमीच्या वेगाला लागणाऱ्या भागातच झिजते. तेथे दाब उडत असेल, तर अंशशोधन व्यर्थ असून संवेदक बदलावाच लागतो.

इटलीतील मांदेल्लो देल लारिओ येथील मोटो गुझ्झी कंपनीच्या व्ही ११ स्पोर्ट (१९९९) या १,०६४ घ. सेंमी. एंजिनाच्या गाडीचे उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या आरंभीच्या रूपात निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक नव्हता, त्यामुळे चूक आपोआप दुरुस्त होण्याची सोय नव्हती. दोन सिलिंडरांच्या दोन झडपा एका दांडीने जोडलेल्या असतात व संवेदक उजव्या झडपेवर असतो. एंजिन बंद ठेवून केवळ विद्युत् प्रवाह चालू करतात. जोडदांडी सोडवितात, थंड एंजिनासाठीचा जलद गतीचा खटका पूर्ण मागे घेतात आणि मंद गतीचा स्क्रू इतका मागे फिरवितात की, तबकडी नळीत खरोखर मिटावी. ही पायरी गाळणे ही नेहमीची चूक होय; स्क्रूवर टेकलेली झडप मिटलेली नसते. तथापि या अवस्थेत झडप झटक्याने सोडू नये, अन्यथा तबकडी नळीत अडकून कड खरडते. मग संवेदकाचे स्क्रू सैल करून, संदेशतार व भूतार यांमधील दाब १५० मिलिव्होल्ट येईपर्यंत तो फिरवितात. स्क्रू आवळताना तो पुन्हा सरकतो, म्हणून आवळल्यावर वाचन घ्यावेच. यानंतरच जोडदांडी बसवून निर्वात-दर्शकांच्या साहाय्याने दोन्ही सिलिंडरांचा समतोल साधतात व मंद गती ठरवितात. हा क्रम उलटल्यास आधीचे काम वाया जाते. पुढे मंद गतीचा स्क्रू फिरविल्यावर दाब १५० पेक्षा जास्त दिसतो. तो पाहून संवेदक पुन्हा मागे घेणे चुकीचे आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा परिचय टप्प्याटप्प्याने झाला. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० अंतःक्षेपणासह आणली, तर २००९ मध्ये तीच कार्ब्युरेटरसह विकली जाऊ लागली. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ ची उत्सर्जन मानके लागू झाल्यावर मात्र नव्या गाड्यांत अंतःक्षेपण सर्वसाधारण झाले. यांपैकी पुष्कळ गाड्यांत ऑक्सिजन संवेदक असतो व मिटलेल्या झडपेचा दाब नियंत्रक स्वतःच शिकून घेतो. अशा गाडीत संवेदकाचे स्क्रू फिरवू नयेत. झडपेचा भाग साफ केल्यावर किंवा बदलल्यावर निर्मात्याने दिलेल्या पद्धतीने, आवश्यक तेथे निदान-उपकरण जोडून, शून्यबिंदूची नोंद नव्याने करून घेतात.