बोट जास, हात नही जास

जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांमध्ये बिलावरून होणारी वादावादी बहुतेक एकाच मुद्द्यावर येऊन थांबते. गिऱ्हाईक म्हणतं, "भाग शे-दोनशेचा आणि मजुरी हजारांत?" मिस्तरी म्हणतो, "भाऊ, हे भाग बदलायचे पैसे नाहीत. भागापर्यंत जायचे आहेत." दोघांचंही खरं असतं. गेल्या चाळीस वर्षांत मोटारीचं इंजिन सुधारलं, टिकाऊ झालं, कमी पिऊ लागलं. बॉनेटखालची जागा मात्र आक्रसत गेली. ती कुणी आक्रसवली आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे खानदेशातल्या गॅरेजांत उभं राहून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कंपनीच्या चकचकीत शोरूममध्ये दिसत नाही.

आधी जुन्या गाड्यांकडे पाहू. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, महिंद्राची जीप या सगळ्यांत इंजिन गाडीच्या लांबीला समांतर बसवलेलं. पुढे पंखा, मागे गिअरबॉक्स, तिथून शाफ्ट मागच्या चाकांकडे. इंजिनाच्या दोन्ही अंगांना एवढी मोकळी जागा की पाना फिरवताना कोपर कुठे आपटत नसे. पारोळा, पाचोरा, चोपडा, शिरपूर या वाटांवर वर्षानुवर्षं धावलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच घडणीच्या. पट्टा तुटला, पॉइंट खराब झाले, पाण्याचा पंप गळू लागला, तर ड्रायव्हर पॅसेंजरला बाभळीच्या सावलीत बसवून स्वतःच काम उरकायचा. चार पाने, एक पक्कड आणि एक पेचकस एवढ्यावर गाडी पुढच्या गावी पोचायची.

याउलट आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेलं इंजिन जगभर रुजलं ते ब्रिटनच्या 'मिनी'मुळे. अलेक इसिगोनिस यांनी 1959 साली ही जेमतेम दहा फूट लांबीची गाडी आणली. इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटात घातला, चालना पुढच्या चाकांना दिली. आणि गाडीच्या तळाची सुमारे ऐंशी टक्के जागा माणसांना व सामानाला मोकळी झाली. आपल्याकडे हा विचार डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 घेऊन आली. तीन सिलिंडर, 796 सीसी, आडवं इंजिन. सुरुवातीला जुने मिस्तरी बॉनेट उघडून नुसते बघत राहायचे, असं धुळ्यातले वयस्कर मिस्तरी आजही सांगतात. पण खरं तर त्या गाडीत हाताला बराच वाव होता. इंजिन लहान, एसी असेल-नसेल, पॉवर स्टिअरिंग नाही, संगणक तर पहिल्या मॉडेलांत नव्हताच.

खरी दाटी नंतरची आहे, आणि तिचं एक मूळ अर्थसंकल्पात सापडतं. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं गेलं. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1500 सीसीपर्यंत. त्या दिवसापासून भारतात चार मीटर ही लक्ष्मणरेषा झाली. सेडान गाड्यांच्या डिक्क्या कापल्या गेल्या, जीपसारख्या दिसणाऱ्या उंच गाड्याही त्याच मापात बसवल्या गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले, तरी रेषा तीच राहिली: आत 18 टक्के, बाहेर 40 टक्के. गिऱ्हाईकाला पाय पसरायला जागा हवी, सामानाला डिक्की हवी, लांबी तर वाढवायची नाही. मग कापायचं कुठे? इंजिनाच्या बाजूला.

त्याच आक्रसलेल्या जागेत भर पडत गेली. एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर, टर्बो, इंटरकूलर, एबीएसचं युनिट, काही गाड्यांत सीएनजीचा रेग्युलेटर. प्रदूषणाचे नियम कडक झाले, बीएस-4 एप्रिल 2017 मध्ये देशभर आणि बीएस-6 एप्रिल 2020 मध्ये. त्यांच्याबरोबर धूर गाळणारे डबे इंजिनाला चिकटून बसले, कारण ते लवकर तापले तरच काम करतात. यातली एकही गोष्ट निरर्थक नाही. हवा स्वच्छ हवी, ब्रेक चांगले हवेत, खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जात असताना एसी ही चैन उरलेली नाही. तक्रार एवढीच की हे सगळं रचताना ते पुन्हा उघडणाऱ्या माणसाचा विचार सर्वांत शेवटी झाला. धुळ्याकडचा मिस्तरी अहिराणीत पाच शब्दांत सांगतो: बोट जास, हात नही जास.

एक काम जवळून पाहू, म्हणजे मजुरीचा उलगडा होईल. क्लचप्लेट. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना वाहनांच्या रांगेत गाडी अडकली की पुष्कळजण ब्रेकवर न थांबता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात. प्लेट तिथेच जळते. जुन्या जीपमध्ये शाफ्ट सोडवला, गिअरबॉक्स मागे ओढला की प्लेट समोर. आडव्या इंजिनाच्या गाडीत मात्र आधी बॅटरी आणि तिचा ट्रे निघतो, मग एअर फिल्टरचा डबा, गिअरच्या केबल, स्टार्टर. गिअर ऑइल काढायचं. पुढची चाकं उतरवायची, खालच्या आर्मचे बॉल जॉइंट सोडवायचे, दोन्ही एक्सल ओढून काढायचे. काही गाड्यांत खालची आडवी चौकटही उतरवावी लागते. आता डावीकडचं माउंटिंग सोडायचं, पण ते सोडलं तर इंजिन लोंबकळणार. म्हणून वरून साखळीच्या पुलीला टांगायचं किंवा खालून ऑइल सम्पला लाकडी ठोकळा लावून जॅक द्यायचा. ठोकळा विसरला तर पातळ पत्र्याचा सम्प चेपतो आणि एक नवं काम उभं राहतं.

मग गिअरबॉक्सचे बोल्ट. त्यांतला वरचा, मागच्या बाजूचा एक बोल्ट नेहमीच वैरी. तो दिसत नाही. मिस्तरी बोटांनी त्याचं डोकं चाचपतो, लांब एक्स्टेन्शनला युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याला गोटी (बोल्टवर बसणारं सॉकेट) लावतो, एका हाताने गोटी बोल्टवर धरतो आणि दुसऱ्या हाताने दीड फूट लांबून रॅचेट ओढतो. बसवताना याहून नाजूक: बोल्ट निसटून खाली पडू नये म्हणून गोटीत ग्रीसचा ठिपका किंवा कागदाचा चिटोरा कोंबायचा, आणि पहिले दोन आटे बोटांनीच धरवायचे. घाईत बोल्ट वाकडा धरला, तर ॲल्युमिनियमच्या घरातले आटे जातात. नवी प्लेट मध्यावर आणायला खास दांडी असते. नसेल तर जुना इनपुट शाफ्ट वापरतात. प्लेट केसभर सरकलेली असली तरी गिअरबॉक्स परत बसत नाही आणि खाली पडलेला माणूस तो पोटावर तोलून झटत राहतो.

एवढं उघडल्यावर फक्त प्लेट बदलणं हा शुद्ध वेडेपणा. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच दमात पाहून घ्यावं, शंका असल्यास बदलावं. यातला कुठलाही भाग पुढच्या वर्षी बिघडला, तर मजुरी पुन्हा पहिल्यापासून. टायमिंग बेल्टचंही तेच. रेनॉचं 1.5 लीटर डिझेल इंजिन लोगान, व्हेरिटो, डस्टर अशा बऱ्याच गाड्यांत आलं. त्यातली लोगान तर शेजारच्या नाशिकला बनायची. या इंजिनात पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. बेल्ट नवा आणि पंप जुना ठेवला, पंप अडकला, तर बेल्ट जातो, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेड खोलण्याची वेळ येते. "एवढंच करा, बाकीचं नंतर बघू" हे वाक्य गॅरेजमध्ये सर्वांत महाग पडतं.

डिझेल गाड्यांत आणखी एक दुखणं म्हणजे ग्लो प्लग. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि पहाटे गाडी धडपडत सुरू होऊ लागली की यांची आठवण येते. पेन्सिलीएवढा हा भाग इनटेकच्या पाइपांखाली हेडमध्ये रुतलेला असतो. टोकाशी काजळी जमली की तो जाम होतो. जोर लावला की मोडतो, अर्धा हेडमध्ये राहतो. चांगला मिस्तरी आधी इंजिन गरम करतो, गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवतो आणि मग थोडं पुढे, थोडं मागे करत काढतो. गाडी दुसऱ्या दिवशी मिळेल म्हटल्यावर चिडणाऱ्या गिऱ्हाईकाने त्या रात्रीचं मोल ओळखावं.

उन्हाळा हा तर खानदेशचा स्वतंत्र अध्याय. बॉनेटखालच्या उष्णतेने वायरिंगच्या सॉकेटांचं प्लास्टिक वाळतं. अडचणीत हात घालून क्लिप दाबली की कट्कन तुटते. पुढे ते सॉकेट तारेने किंवा टेपने बांधलेलं राहतं आणि खड्ड्यात हादरलं की इंजिनाचा दिवा लागतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतणं हीदेखील आपल्याकडची जुनी खोड. कूलंट महाग वाटतं, मग क्षारांनी नळ्या बुजतात. आणि थर्मोस्टॅट! "इकडे गरमीच एवढी, काढून टाका" हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. जुन्या इंजिनात तो खपून जायचा. आजचं इंजिन योग्य तापमानावर पोचलं नाही तर संगणक जादा इंधन सोडत राहतो आणि ॲव्हरेज घसरतं. थर्मोस्टॅट अडचणीत असतो म्हणून परत न बसवणं याला माझ्या मते कामचुकारपणाच म्हणावं.

एसीची कूलिंग कॉइल गळाली तर हात बॉनेटमधून डॅशबोर्डकडे वळतो. बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यात एअरबॅग असते, म्हणून बॅटरीची तार काढून काही मिनिटं थांबूनच हात घालावा. चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली. गल्लीतल्या गॅरेजांना तिची सवय व्हायला अजून वेळ आहे.

हत्यारांचीही एक गंमत. मारुतीसारख्या जपानी वळणाच्या गाड्यांना 10, 12, 14 नंबरचे पाने लागतात. युरोपीय वळणाच्या गाड्यांत 13 नंबर पदोपदी येतो, शिवाय चांदणीच्या आकाराचे स्टार बोल्ट. त्यामुळे मिस्तऱ्याची पेटी दुप्पट झाली. दांडीवरचा छोटा आरसा, लांबणारं चुंबक, आता मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा. पूर्वी याऐवजी गॅरेजमधला 'पोऱ्या' असायचा, ज्याचं मनगट बारीक. त्या कौशल्याच्या आठवणी गोडव्याने सांगण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि तीच योग्य. मुलांनी आधी शाळा करावी, मग आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा.

ही अडचण फक्त आपलीच, असं समजू नये. अमेरिकेत 1975 च्या शेव्हर्ले मोन्झात छोट्या गाडीत आठ सिलिंडरांचं इंजिन कोंबलं; एक स्पार्क प्लग काढायला माउंटिंग सैल करून इंजिन उचलावं लागे. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनात स्टार्टर इनटेकखाली, दोन हेडांच्या मधल्या खोबणीत दडवलेला. उलट फोक्सवॅगनने गाडीचं संपूर्ण तोंड पुढे सरकवून काम करता येईल अशी सोय ठेवली. म्हणजे मनात आणलं तर वाट ठेवता येते.

प्रश्न फक्त जागेचा नाही, माहितीचाही आहे. कोणता बोल्ट आधी, किती ताकदीने आवळायचा, कोणतं सील एकदाच वापरायचं, हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं. ती पुस्तिका बाहेरच्या गॅरेजला सहसा मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये याच कारणासाठी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू दिली जात नाहीत, हा ठपका. पुढे प्रकरण अपिलात गेलं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. मोटारी त्यात आहेत. तरी जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या आसपासचा मिस्तरी आजही अंदाज, अनुभव आणि यूट्यूब यांवरच चालतो.

तेव्हा वाचकांना एक विनंती. नवी गाडी घेणार असाल तर सनरूफ बघण्याआधी बॉनेट उघडायला सांगा, शक्य असेल तर तुमच्या मिस्तऱ्याला सोबत न्या आणि त्याला हात घालून बघू द्या. आणि क्लच, टायमिंग बेल्ट किंवा चेन, एसीची कूलिंग कॉइल या तीन कामांची मजुरी किती, हे सही करण्यापूर्वी लेखी मागा.