संदर्भांची मोजणी आणि मुंबईचा रक्तगट

एखाद्या संशोधकाचे मोठेपण मोजायचे कसे? हल्ली त्याचे उत्तर आकड्यात मिळते. एखाद्या जनुकशास्त्रज्ञाचे नाव संगणकावर टाकले, की त्याचे शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, हे क्षणात समोर येते. नेमणूक, बढती, अनुदान देतानाही हा आकडा पाहिला जातो. म्हणूनच तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांचा उल्लेख आपल्या निबंधात करायचा, ही शास्त्रातली रीत. ती एक प्रकारे ऋणाची नोंदच. अशा नोंदींची सूची करावी, ही कल्पना अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली. तिचा सुरुवातीचा प्रयोग झाला तो जनुकशास्त्रावरच. १९६३ साली या विषयाची संदर्भसूची निघाली. पुढे २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' सुचवला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख मिळाले, तर निर्देशांक दहा. गणित सोपे आहे. पण ज्याने एकच निबंध लिहिला आणि त्याला हजार उल्लेख मिळाले, त्याचा निर्देशांक मात्र एकच! याउलट, जनुकक्रमाच्या मोठ्या प्रकल्पात एका निबंधावर शेकडो नावे असतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण जमा होतो.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन पानांत मावणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत मुंबईचे भेंडे, देशपांडे आणि भाटिया हे डॉक्टर होते, तसेच काही ब्रिटिश संशोधकही होते. मुंबईत त्यांना असे रक्त सापडले, जे नेहमीच्या कोणत्याही गटात बसेना. रक्तपेशींवर ए आणि बी ही द्रव्ये तयार होतात ती 'एच' नावाच्या पायावर. ओ गटात ए-बी नसतात, पण एच असतो. या माणसांत तो पायाच नव्हता. साध्या तपासणीत त्यांचे रक्त ओ दिसते; पण त्यांना ओ गटाचे रक्त दिले, तर शरीर त्यावर तुटून पडते आणि जीव धोक्यात येतो. त्यांना चालते ते फक्त त्यांच्यासारख्याचे रक्त. हाच 'बॉम्बे रक्तगट'. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो. एच तयार करण्याची सूचना देणारे जनुक १९९० साली हाती आले. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकात नेमका बिघाड कुठे असतो, हेही पुढे कळले.

आज रक्तपेढीतला तंत्रज्ञ शंका आली की विचारतो, "बॉम्बे तर नाही ना?" त्या प्रश्नामुळे रुग्ण वाचतो. पण म्हणून त्या निबंधाच्या खात्यात एकही उल्लेख वाढत नाही. शोध सर्वांच्या अंगवळणी पडला, की मूळ निबंधाचे नाव घेणे थांबते आणि उल्लेख जातो तो पुढच्या एखाद्या पाठ्यपुस्तकाकडे. आमच्या पानशेतचे धरण आंबी नदीवर आहे. तिचे पाणी खडकवासल्यात जाते आणि तिथून पुण्याच्या नळांना येते. पुणेकर म्हणतात, खडकवासल्याचे पाणी. आंबीचे नाव निघाले नाही, म्हणून तहान काही कमी भागत नाही. गझलेतही तेच. शेवटच्या शेरात कवी आपले नाव गुंफतो खरा, पण जो शेर म्हणीसारखा लोकांच्या तोंडी बसतो तो बहुधा नावाशिवायच फिरतो.

म्हणजे आकडे टाकाऊ आहेत का? नाही. कुणाचे काम कुठवर पोचले, याचा माग त्यातून लागतो. पण उल्लेख खोडून काढण्यासाठीही होतो, ओळखीपाळखीनेही होतो. आणि मोजक्या लोकांच्या विषयात तो कमीच होतो. नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाला तोलू नका, निबंधात काय आहे ते पाहा, असे आवाहन करणाऱ्या जाहीरनाम्याची जुळवाजुळव २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला झाली, ती याच काळजीपोटी. आपल्या विद्यापीठांतही तरुण संशोधकाला न्याय द्यायचा असेल, तर निवड करणाऱ्यांनी त्याचे निदान दोन-तीन निबंध स्वतः वाचावेत. दोन पाने वाचायला असा कितीसा वेळ लागतो?