चौदाशे रुपयांचे गाव

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की वाटेत वळसंग लागते. तिथल्या एखाद्या आजीबाईंपुढे एक चित्र ठेवावे. रांधणारी बाई, लेकरू सांभाळणारी आई, गाडीतून निघालेली माणसे, उभा शेतकरी. आजीबाई म्हणतील, "यात नवल ते काय? हे तर आमचंच गाव!" मग त्यांना हळूच सांगावे, की हे गाव ११८ कोटी रुपयांना विकले गेले!

चित्राचे नाव 'ग्राम यात्रा'. चित्रकारही याच जिल्ह्यातले. मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा, १९१५ सालचा. आई तान्हेपणीच गेली. तिचा चेहरा आठवत नव्हता, की तिचे छायाचित्रही नव्हते. बालपण इंदूरला सरले. पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी पोट भरले. चौरस फुटाला मजुरी काही आणे! १९४७ साली ते प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटात आले, आणि हे नाव रसिकांच्या तोंडी झाले.

'ग्राम यात्रा' १९५४ चे. लांबी जवळजवळ १४ फूट, आत तेरा चौकटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या डॉ. लिऑन व्होलोदार्स्की यांनी ते सुमारे १,४०० रुपयांना घेतले आणि नॉर्वेला नेले. १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले. तिथल्या भिंतीवर आपले हे खेडे कित्येक वर्षे मुकाट्याने टांगलेले होते.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजने त्याचा लिलाव पुकारला. अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरांचा. किंमत आली १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर! आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढे मोल कधीच आले नव्हते.

असे का व्हावे? हुसेनांनी चित्रे काढली हजारो. पण उमेदीच्या काळातले एवढे मोठे चित्र विरळाच. शिवाय ते कोणाकडून कोणाकडे गेले, याचा धागा स्वच्छ. अस्सलपणाची शंका नाही. आणि लिलावात भाव ठरतो तो हट्टाने. एकच वस्तू दोघांना हवी असली, की अंदाज बाजूला राहतात.

या भावातला पैसाही चित्रकाराच्या पदरी पडला नाही. चित्रांवरून झालेल्या खटल्या-धमक्यांनंतर २००६ मध्ये हुसेनांनी देश सोडला. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये ते वारले. त्यांच्या वाट्याला आले ते चौदाशेच. लिलावाचे पैसे मात्र डॉक्टरांच्या शिक्षणासाठी ठेवण्यात आले, एवढे समाधान.

त्या तेरा चौकटींत शेतकऱ्याचा हात आपली चौकट ओलांडून शेजारच्या शिवारात गेला आहे; जणू जमीन त्यानेच तोलून धरली आहे. वळसंगच्या आजीबाई भाव विसरतील. पण तो हात त्या नक्की ओळखतील.